निरगुडीचं आवतण

माणिकप्पाच्या पंक्चरच्या दुकानामागं निरगुडीचं एक झुडूप होतं, आणि ते निरगुडीचं आहे हे आपल्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, अशी माणिकप्पाची चाळीस वर्षं समजूत होती.

दुकान नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून. दुकानामागं राहायची खोली, खोलीमागं नाला, आणि नाल्याच्या कडेला ते झुडूप. पुरुषभर उंच वाढायचं आणि मग वर जायचा कंटाळा आल्यासारखं बाजूला फुटायचं. उन्हाळ्यात नाला आटला, भोवतीचं गवत राखेच्या रंगाचं झालं, तरी याच्या फांद्यांना पालवी असायची. पाच बोटांचं पान, वरून हिरवं आणि पाठीवर विभूती फासल्यासारखं. पावसाळ्यात निळसर जांभळे तुरे यायचे. शेळ्या तोंड लावत नसत. पानाला वास असा, की एकदा हाताला लागला की जेवताना घासालासुद्धा यायचा.

हे पान गुडघ्याला चालतं, कमरेला चालतं, सुजेला चालतं, हे त्याला शंभुलिंगकाकानं शिकवलं. शिकवताना तीन अटी घातल्या. पैसा घ्यायचा नाही. नाव सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. मरायच्या आधी कुणातरी एकालाच सांगायचं. आणि तिसरी अट आवतणाची. आदल्या दिवशी दिवस मावळताना झाडाच्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, ज्याचं दुखणं असेल त्याचं नाव घ्यायचं आणि 'उद्या या' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायच्या आधी, कुणाशी न बोलता पान तोडून आणायचं. आणि ज्याचं दुखणं, तो माणूस त्या रात्री आपल्याच छपराखाली पाहिजे.

"पाव्हण्याला आवतण द्यायचं आन् घरात कुणी नसायचं, असं बरं दिसंल का?" काका म्हणाला होता.

माणिकप्पानं तिन्ही अटी पाळल्या. दुकानाला गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले. हैदराबादेहून निघून इथवर येईपर्यंत क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा लाकूड झालेला असायचा. चाकाला ठिगळ बसेपर्यंत गडी गुडघा चोळत बसला, की माणिकप्पा विचारायचा, "कुठं?" एवढंच. मग बोट जिथं टेकेल तिथं अंगठ्यानं दाबून बघायचा आणि म्हणायचा, रात्री इथंच मुक्काम कर. ड्रायव्हर ट्रकमध्येच झोपत. ट्रकचं तोंड तरी दुकानाच्या पत्र्याखाली आलं पाहिजे, एवढी सवलत माणिकप्पानं काकाला न विचारता दिली होती. सकाळी तो पान थोडं ठेचायचा, ओळखू येऊ नये म्हणून त्यात एरंडाची दोन पानं मिसळायचा, एरंडेल लावून तव्यावर गरम करायचा आणि गुडघ्यावर ठेवून वरून जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी ताणून बांधायचा. रबराची पट्टी बसली की हलायची नाही.

"चाचा, दवा का नाम तो बोलो," ड्रायव्हर म्हणायचे.

"नाम बोला तो असर जाता."

"शादी का बी ऐसाच है चाचा," एक जण म्हणाला होता, आणि बाकीचे पत्र्याखाली हसत बसले होते.

शेजारच्या चहाच्या हॉटेलातला बब्रुवान मात्र हसायचा नाही. तो माणिकप्पाच्याच वयाचा, लहानपणापासूनचा. पान तव्यावर पडलं की वास सरळ त्याच्या भट्टीपर्यंत जायचा. तो नाकाला उपरणं लावून म्हणायचा, "झालं तुझं गुपित शिजायला?"

महेश्वरी ही माणिकप्पाची एकुलती लेक. तुळजापुरात दिलेली. देवळाकडं उतरणाऱ्या बोळात सासरच्यांचा आठ खोल्यांचा लॉज होता. जावई नंदीश गल्ल्यावर आणि बसस्टँडवर गिऱ्हाइकाच्या मागं. आत सगळं सासूबाईंच्या हाती. पार्वतम्मा बाई वाईट नव्हती. कामाची होती, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूनं काहीतरी कामाचं असावं अशी तिची अपेक्षा होती. मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी यात्रेकरूंनी खोल्या भरत आणि दुसऱ्या दिवशी चादरींचा ढीग पडे. तो ढीग महेश्वरीचा. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, ओल्या चादरींची बादली घेऊन गच्चीचा जिना चढताना ती घसरली. गुडघा टरबुजासारखा सुजला. सोलापूरला नेलं, फोटो काढला, हाड शाबूत होतं. सूज मात्र हटेना.

तेव्हा पार्वतम्माच म्हणाली, "तुझा बाप झाडपाला बांधतो न्हवं? जा की दोन दिवस. अंथरुणाला खिळून कुणाला उपयोग?"

महेश्वरी आली, दोन दिवस राहिली, पान बांधून गेली. पंधरा दिवसांनी परत आली. मग तो रिवाजच पडला. एक आड एक बुधवारी, मंगळवारची गर्दी ओसरली की दुपारच्या एसटीनं यायचं, आणि शुक्रवारची गर्दी सुरू व्हायच्या आत, गुरुवारी, परत जायचं. आवतणाच्या अटीमुळं एक रात्र आपोआपच मुक्काम पडे. पार्वतम्मानं एकदा कुरकुर केली होती, की सकाळी जाऊन सांजच्याला का येता येत न्हाय? तेव्हा माणिकप्पानं फोनवर तिला अटी ऐकवल्या. देवाधर्माचं म्हटल्यावर ती गप्प बसली.

दहा वर्षं असं चाललं. मधल्या काळात आरोही झाली, ती कडेवरून यायची, मग बोट धरून, मग शाळा लागली आणि सुट्टीतच. मधल्या काळात माणिकप्पाची बायको शिवलीला गेली. तरी बुधवार मोडला नाही.

एसटीतून उतरताना महेश्वरी लंगडत असे. आली की हातपाय धुवून, आईच्या जुन्या गोधडीवर आडवी होई आणि झोपे. साधी झोप नव्हे. कुणीतरी पंधरा दिवसांची झोप गाठोड्यात बांधून आणावी आणि इथं सोडावी तशी. त्या दोन-तीन तासांत माणिकप्पा हवेचा पंप लावत नसे. गिऱ्हाईक आलं तर तोंडावर बोट ठेवून, हातपंपानं हवा भरून द्यायचा. दिवस मावळायला ती उठे आणि दाराच्या चौकटीला टेकून बापाला झुडपापाशी ओणवा होताना बघे.

"आप्पा, कुणाला आवतण देताय?"

"इचारू नको अव्वा. नाव काढायचं नसतंय." लेकीला तो लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा.

"बरं," ती म्हणे, आणि पदर तोंडाला लावून हसे. ते हसणं बापाच्या भोळ्या कारभाराला असावं असं त्याला वाटे.

सकाळी पान तापवून, पट्टी हातात घेऊन तो तिच्यासमोर बसायचा आणि विचारायचा, "कुठं?"

ती लगेच सांगत नसे. डोळे मिटायची. जणू सगळ्या अंगातून शोधून यायचं आहे. मग गुडघ्यावर बोट ठेवायची. एकदा तिनं उजव्याऐवजी डाव्या गुडघ्यावर बोट ठेवलं. माणिकप्पा जरा थबकला, आणि मग त्यानं मान हलवली. वात फिरता असतो. आज इथं, उद्या तिथं. त्यानं डावा गुडघा बांधला.

पान बांधून दोन तास झाले नाहीत तोवर ती मिरच्यांचं पोतं घेऊन शिडीवरून पत्र्यावर चढलेली असायची. माणिकप्पा बब्रुवानला बाहेर बोलवून वर बोट दाखवायचा.

"बघ. काल आली तवा पाय टेकत न्हवता."

बब्रुवान पत्र्यावरच्या महेश्वरीकडं बघायचा, मग याच्याकडं. "लई गुणी पान हाय तुझं, माणिक," म्हणायचा आणि भट्टीकडं वळायचा. तो आणखी काही म्हणाला असता तर पुढलं कदाचित टळलं असतं. पण दुसऱ्याच्या घरातलं असं बोट घालून दाखवायची आमच्याकडं रीत नाही.

दोन वर्षांमागं, ज्येष्ठात, पहाटे पान तोडायला गेलेला माणिकप्पा चक्कर येऊन झुडपापाशीच पडला. बोलायचं नाही या अटीमुळं त्यानं हाकही मारली नाही. पडल्या पडल्या खालून त्याला पानांच्या पांढुरक्या पाठी दिसत होत्या, आणि त्यांच्यामधून उजाडत होतं. रक्तदाब वाढला होता, एवढंच निघालं. रोजची गोळी सुरू झाली. पण पडल्या जागी त्याच्या मनात दोन गोष्टी आल्या त्या मात्र गेल्या नाहीत. एक, आपण असेच गेलो तर हे नाव आपल्यासोबत जाईल. दुसरी, लेक पंधरा दिवसाला दुखऱ्या पायानं एसटीत उभी राहून येते, आणि उपाय आपल्या नाल्याकाठी नुसता उभा आहे. काडी लावली की जगणारं झाड. आपण किती मतलबी, असं त्याला वाटलं. लेक डोळ्यांपुढं यावी म्हणून आपण तिचा पाय वेठीला धरला.

पुढल्या गुरुवारी तिला बसवायला तो स्टँडवर गेला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वीतभर काडी.

"हे निरगुडीचं हाय," तो हळू आवाजात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते नाव दुसऱ्या माणसासमोर काढलं होतं. "काकानं एकालाच सांगायला सांगितलंय. ती तू."

महेश्वरी गोणपाटाकडं बघत राहिली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "कशाला सांगितलंत आप्पा?"

"माझा काय भरवसा. आन् तुला ही दगदग. अंगणात लाव. सहा महिन्यात तुझं तुला पान मिळंल."

"मला काय दगदग न्हाय."

"कशी न्हाय? उभ्यानं येतीस."

"गुण जातो म्हणत होता न्हवं?"

"तुला सांगितल्यानं न्हाय जायचा."

बस लागली. ती चढली. खिडकीशी बसल्यावरही तिनं काडी मांडीवर न ठेवता शेजारच्या सीटवर ठेवली, हे त्यानं पाहिलं. त्यावरून काही समजायचं त्याला सुचलं नाही.

पुढच्या खेपेला तिनं सांगितलं, काडी बसमध्येच राहिली. त्यानं दुसरी दिली. त्याच्या पुढच्या खेपेला ती म्हणाली, लावली होती, जळाली.

"निरगुडी जळत न्हाय अव्वा. दगडात लावली तरी येती."

"आमच्याकडं न्हाय आली."

माणिकप्पाला वाटलं, लेकीला सवड मिळत नसेल. चादरीत बुडालेली पोर, तिला कुठं खड्डा करायला वेळ? मग एका सोमवारी त्यानं दुकान बंद ठेवलं, अंगठ्याएवढ्या जाड तीन काड्या कापल्या आणि तो स्वतःच तुळजापूरला गेला. एक तरी जगेल म्हणून तीन.

लॉजच्या मागं मोकळी जागा होती, धुण्याचं पाणी वाहून जाई तिथं. माणिकप्पानं टिकाव मागून घेतला, काड्या तिरप्या रोवल्या, दोन-दोन डोळे मातीवर ठेवले, पायानं माती दाबली. पार्वतम्मा कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं. नाव सांगितलं. ठेचायचं किती, तापवायचं किती, एरंडेल किती, ते सांगितलं.

"आन् ते आवतणाचं?" पार्वतम्मानं विचारलं. "रातीचं ऱ्हायाचं?"

"ते परक्या घरच्याला असतंय ईनबाई. घरातल्या झाडाला घरच्यांनी कसलं आवतण द्यायचं?"

हे काकानं सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच, तिथंच, माती दाबता दाबता सुचलं होतं. लेकीचं काम सोपं व्हावं म्हणून.

महेश्वरी टाकीपाशी उभी होती. हातात पिळायला घेतलेली चादर, अर्धी पिळलेली. तिचं पाणी तिच्याच पायावर गळत होतं. माणिकप्पानं टाकीवरच हात धुतले, चहा घेतला आणि परतीच्या बसमध्ये त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

काड्यांना पाला यायला पाऊसकाळ जाणार होता. पण नाव कळल्यावर पानाला काय तोटा? निरगुडी कुठल्याही नाल्याला असते. चारच दिवसांत नंदीशनं मोटारसायकलच्या हँडलला भलामोठा भारा बांधून आणला. बुधवारी माणिकप्पानं खोली झाडली, गोधडीला ऊन दिलं, दुपारच्या बसला स्टँडवर गेला. महेश्वरी आली नाही. फोनवर म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या, पान घरात हाय, मग कशाला जायाचं. बरी हाय मी, आप्पा."

"गुडघा?"

"बराय की."

तो खूश झाला. पानाचा गुण गेला नव्हता.

पुढचा बुधवार गेला, त्याच्या पुढचा गेला. नागपंचमीला ती येऊन गेली, नंदीशसोबत, सकाळी येऊन संध्याकाळी. झोपली नाही. लंगडलीही नाही. दिवाळीत नवरात्रासारखी गर्दी, लॉज भरलेला; आली नाही. माणिकप्पा दर बुधवारी दुपारी हवेचा पंप बंद ठेवायचा, आणि गिऱ्हाईक 'का' म्हणून विचारायचं तेव्हा त्याला आठवायचं की आत कुणी झोपलेलं नाही.

बब्रुवानच शेवटी बोलला. थंडीचे दिवस होते, दोघं भट्टीपाशी बसले होते.

"लेक येत न्हाय हल्ली."

"गुडघा बरा झाला तिचा."

"गुडघा तर आठ वर्साखालीच बरा झाला हुता, माणिक."

माणिकप्पानं कप खाली ठेवला.

"बऱ्या पायानं कुणी पाठवत न्हाय सासरचं," बब्रुवान निखाऱ्यांकडं बघत म्हणाला. "दुखऱ्या पायानं पाठवतेत. एवढं बी कळंना तुला? आन् तू निरगुडी निऊन तिच्या दारात लावलीस."

"तुला कुणी सांगितलं निरगुडी हाय म्हून?"

"आता गप. शेळ्यामागलं पोर बी सांगंल. वास काय झाकून ऱ्हातो? सगळ्या गावाला ठाऊक हाय. शिवलीलावैनीनं तर आमच्या हिला बाळंतपणात न्हाणीत टाकायला पाठीमागनं दोन भारे दिल्ते. तुला वाईट वाटंल म्हून कुणी बोलत न्हाय."

माणिकप्पा उठून दुकानात आला. कपाटात ट्यूबच्या पट्ट्यांचा जुडगा टांगलेला होता, तो त्यानं विनाकारण काढला आणि पुन्हा टांगला. गावाला ठाऊक होतं याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. दुसरीच गोष्ट त्याला आतून खरवडत होती. डाव्या गुडघ्यावर ठेवलेलं बोट. ते बोट त्यानं पाहिलं होतं. त्याला वात फिरता असतो हे ठाऊक होतं, आणि जे ठाऊक असतं त्यापुढं माणूस बघत नाही.

आठ दिवस त्यानं विचार केला आणि मग ठरवलं, की जायचं आणि सरळ मागायचं. लेकीला पंधरा दिवसांतून एक रात्र पाठवा. एवढंच. त्यात अवघड काही नव्हतं. तरी बसमध्ये तो ते वाक्य ओठांत पुन्हा पुन्हा घोळवत होता, आणि घाट चढेपर्यंत त्या वाक्याला चव उरली नाही.

लॉजच्या मागं तो थेट गेलाच नाही; पार्वतम्मानंच नेलं. "बघा इवाई, तुमची किरपा."

तिन्ही काड्या जगल्या होत्या. जगून एकमेकींत मिसळल्या होत्या. धुण्याच्या पाण्यावर झाड डोक्याच्या वर गेलं होतं आणि थंडीतही त्याला तुरे होते. त्याच्यावर दोन चादरी वाळत घातल्या होत्या. बाजूला तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं. हवेत तोच वास. त्याच्या दुकानामागचा.

"माझं गुडघं गेलं होतं जवळपास," पार्वतम्मा म्हणाली, "आता देवळाच्या पायऱ्या चढते. आन् भाविक लोकं चालत येतेत, पाय सुजलेले असतेत, त्यांना पाल्याचं गरम पाणी देतो आमी. लई दुवा देतेत. खोली घ्यायच्या आधी इचारतेत, पाल्याचं पाणी मिळतंय ते लॉज हेच का म्हून. सगळं सूनबाई करती. उजाडायच्या आधी पातेलं चढवती."

महेश्वरी चुलीपाशी बसली होती. तिनं बापाकडं बघून मान हलवली आणि जाळ पुढं सारला.

माणिकप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं. "ईनबाई, एक मागायचं हुतं."

"मागा की."

"महेश्वरीला धाडा म्हणलं. एका रातीपुरती. पंधरवड्यातनं."

"का? काय कार्य हाय का?"

"न्हाय."

"तब्येत बरी हाय न्हवं तुमची?" पार्वतम्मानं खरंच काळजीनं विचारलं. "ते चकरीचं काय झालं?"

"बरा हाय. एकदम ठणठणीत."

"मग?"

"असंच."

पार्वतम्मा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या सबंध आयुष्यात 'असंच' म्हणून कुणी कुठं गेलेलं नव्हतं, ती स्वतःही नाही. तिला त्याचा राग आला नाही. तिला ते कळलंच नाही. "पाठवू की," ती म्हणाली. "पौर्णिमेची गर्दी होऊ द्या. सण बघून पाठवू. जेवूनच जा आता," आणि ती आत गेली.

चुलीवरचं पाणी हिरवं-काळं झालं होतं. माणिकप्पा झाडापाशी उभा राहिला. इतकं तजेलदार झाड त्याच्याकडंही नव्हतं.

"मला नाव ठाऊक हुतं आप्पा," महेश्वरी जाळाकडं बघतच म्हणाली. "सातवीत हुते तवापासून. शाळेच्या कुंपणाला हीच हुती. बाईंनी सांगितलं हुतं. म्या म्हणलं, आमच्या आप्पांच्या हाताला असाच वास येतो."

"मग बोलली का न्हाईस? म्या काडी दिली तवा?"

"काय बोलू? माझा पाय दुखत न्हाय म्हणू?"

पातेल्याच्या बुडाशी एक ओलं लाकूड चरचरलं.

"तीनदा छाटली," ती म्हणाली. "एकदा तर बुडापासून. आत्याबाई गावाला गेल्या हुत्या तवा. उकळतं पाणी सुद्धा ओतलं." ती जरा हसली, दाराच्या चौकटीला टेकून हसायची तशी नाही. "तुम्हीच म्हणला हुता. दगडात बी येती. छाटली की एकाच्या जागी चार फुटतेत."

"दुखतंय का कुठं?" त्यानं विचारलं.

तिनं डोळे मिटले. जुन्या सवयीनं तो वाट बघत राहिला. मग आतून कुणीतरी खोली नंबर पाचला पाणी पाहिजे म्हणून हाक मारली, आणि ती पातेलं फडक्यानं धरून उठली. दोन्ही पायांनी सरळ चालत गेली.

परतीच्या बसमध्ये, घाट उतरताना, माणिकप्पाच्या लक्षात आलं. पार्वतम्मानं विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना. तिनं कारण स्वतः उचलून त्याच्या हातात दिलं होतं. चक्कर येते, एकटा असतो, लेक पंधरवड्याला येऊन बघून गेली तर बरं, एवढं म्हणायचं होतं. तेही खोटं नव्हतं. आणि तो म्हणाला होता, ठणठणीत. विहिणीसमोर लेकीचा बाप म्हणून. लेकीनं आठ वर्षं लंगडून दाखवलं आणि त्याला एक दिवस लंगडता आलं नाही. आता फोन करून सांगावं तर ते बनवून सांगितल्यासारखं वाटणार. वाटणार कशाला, ती विचारील, त्या दिवशी तर बरे होता.

तरी त्यानं फोन केला. तीन दिवसांनी. पार्वतम्मा म्हणाली, "चक्कर येती? मग हिकडंच येऊन ऱ्हावा की चार दिस. खोली देते. सूनबाई पान बांधंल." माणिकप्पानं बघतो म्हटलं.

पुढचा बुधवार आला. दुपारची बस गेल्याचा हॉर्न हायवेवरून ऐकू आला. दिवस मावळायला त्यानं मुठीत हळदीचे तांदूळ घेतले आणि तो नाल्याकाठी गेला. ओणवा झाला. महेश्वरीचं नाव ओठांवर आलं आणि तो थांबला. ज्याचं दुखणं, तो छपराखाली पाहिजे. काकाची अट होती, आणि आजवर त्यानं ती कुणासाठी मोडली नव्हती. मोडली ती एकदाच, तुळजापुरात, माती दाबताना.

मग त्यानं स्वतःचं नाव घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. माणिकप्पा. उद्या या, म्हणाला.

पहाटे उठून, कुणाशी न बोलता, त्यानं पानं तोडली. बोलायला तसंही कुणी नव्हतं. एरंडाची पानं त्यानं मिसळली नाहीत. आता कुणापासून लपवायचं? निरगुडी एकटीच ठेचली, एरंडेल लावलं, तव्यावर टाकली. वास उठला. पलीकडं बब्रुवान भट्टी पेटवत होता, पण आज त्यानं नाकाला उपरणं लावलं नाही. माणिकप्पानं जुडग्यातून एक पट्टी ओढून काढली, ताणून बघितली, आणि आईच्या जागी लेक आणि लेकीच्या जागी कुणीच नसलेल्या त्या गोधडीवर येऊन बसला.

पान तापलं होतं. पट्टी हातात होती. बांधायचं कुठं, ते त्याला ठरवता येईना. पान निवेपर्यंत तो तसाच बसून राहिला.